रोटोरुआ की टाउपो?

आई-बाबांना बडोद्याहून ऑकलंडला येऊन तीन आठवडे झाले होते. समुद्रकिनारे बघून झाले, मॉल बघून झाले, देवळातही जाऊन आलो. समोर ईस्टरची चार दिवसांची सुट्टी होती, गुड फ्रायडे ते सोमवार. त्या चार दिवसांत इथे जो तो गाडीत सामान भरून घराबाहेर पडतो, त्यामुळे ठरवायला उशीर केला की राहायला जागा मिळत नाही. आणि आमचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं: रोटोरुआला जायचं की टाउपोला?

ज्यांनी इथला नकाशा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मधोमध ज्वालामुखींचा एक पट्टा आहे. ईशान्येला समुद्रात फाकारी नावाचं ज्वालामुखी बेट, नैऋत्येला रुआपेहूचं बर्फाळ शिखर, आणि या दोघांच्या मध्ये जमिनीखाली इतकी धग की जागोजागी पाणी उकळत वर येतं. पॅसिफिक महासागराचा तळ या बेटाखाली सरकत जातो, त्यातून हे सगळं घडतं. रोटोरुआ आणि टाउपो ही दोन्ही गावं याच पट्ट्यावर आहेत. दोन्ही मोठ्या तळ्यांच्या काठी वसलेली, आणि ती तळी म्हणजे प्रचंड स्फोटांनंतर जमीन खचून झालेले खड्डे. दोन्हीकडे गरम पाण्याची कुंडं, दोन्हीकडे जिवावर उदार होऊन करायचे खेळ. मधलं अंतर ८० किलोमीटर, गाडीने तासाभराचं.

"मग दोन्ही करा की!" असं इथले सगळे मित्र म्हणाले. पण बरोबर सहा वर्षांचा मुलगा, सत्तरीला टेकलेले बाबा आणि गुडघेदुखीची आई असताना रोज सामान बांधायचं आणि रोज सोडायचं, याला सहल म्हणत नाहीत. मुक्काम एकाच गावात करायचा, एवढं नक्की होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. पहिलं काम केलं ते एक्सेल शीट बनवायचं. गरम पाणी, साहसी खेळ, मुलासाठी काय, खर्च, अंतर असे रकाने पाडले, प्रत्येकाला वजन दिलं, गुण भरले. टाउपो तीन गुणांनी पुढे आलं. येणारच होतं, कारण वजनं मीच ठरवली होती. टाउपोहून सव्वा-दीड तासावर टोंगारिरो क्रॉसिंग आहे. साधारण २० किलोमीटरची, सात-आठ तासांची वाट, दोन जिवंत ज्वालामुखींच्या खांद्यांवरून जाणारी. इथे आल्यापासून दोन वर्षं मला ती करायची होती. ईस्टरनंतर थंडी सुरू होते, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं.

बायकोने शीट पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. "शनिवारी तू पहाटे चारला उठून डोंगरावर जाणार. आम्ही चौघांनी दिवसभर काय करायचं?"

मी म्हटलं, तळं आहे, बाग आहे.

"म्हणजे बसायचं," ती म्हणाली.

बाबांची शंका वेगळी होती. २०१९ च्या डिसेंबरात फाकारी बेटाचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, त्यातली २२ दगावली. ती बातमी त्यांनी बडोद्यात टीव्हीवर पाहिली होती. "अरे, त्याच रांगेत आहेत ना ही गावं?" मी त्यांना जिओनेटची साइट दाखवली. इथल्या प्रत्येक ज्वालामुखीला ० ते ५ अशी धोक्याची पातळी दिलेली असते. टाउपोचीच पातळी २०२२ च्या सप्टेंबरात भूकंपांमुळे शून्यावरून एकवर नेली होती आणि २०२३ च्या मे महिन्यात परत शून्यावर आणली. बाबांनी सगळं नीट वाचलं. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात बॉयलरवर काढली आहेत. प्रेशर गेजवर कोणी लक्ष ठेवून आहे एवढं कळलं की त्यांना पुरतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे कुंड आहे ना, उनाईसारखं? मला उतरता येईल का त्यात?"

आईचं माहेर नवसारीचं. तिथून उनाई जवळ, वांसद्याच्या वाटेवर. उनाई मातेच्या देवळापाशी गरम पाण्याचं कुंड आहे. लहानपणी ती तिच्या आईबरोबर दरवर्षी जायची. वनवासात सीतेने तिथे स्नान केलं आणि ती म्हणाली "हुं नाही", म्हणजे गुजरातीत "मी न्हाले", म्हणून गावाचं नाव उनाई पडलं, ही गोष्ट आम्ही तिच्याकडून शंभरदा ऐकली आहे. आमच्या घरात हा विनोदच झालाय. गुजरातीत "नाही" म्हणजे न्हाली, मराठीत "नाही" म्हणजे नाही. लहानपणी आंघोळीला हाक मारली की आम्ही ओरडायचो, "हुं नाही!" आणि धपाटा खायचो.

शेवटी मी शीट बंद केली. रोटोरुआत बघण्यासारख्या गोष्टी गावातच आहेत, वाटा बऱ्याच सपाट आहेत, पायाखाली वाफा निघताना दिसतात. स्वयंपाकघर असलेलं एक मोटेल तिथे मिळालं. टोंगारिरो रद्द झालं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तोंड पाडूनच होतो.

शुक्रवारी सकाळी निघालो. ऑकलंड ते रोटोरुआ साधारण २३० किलोमीटर, मध्ये एक थांबा धरून साडेतीन तास लागले. गावात शिरलो आणि मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "गाडी थांबव. गॅस गळतोय कुठेतरी." तो रोटोरुआचा वास होता. जमिनीतून गंधकाचा वायू सतत येत असतो, सडक्या अंड्यांसारखा वास सगळ्या गावाला असतो. मुलाने नाक दाबलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

सामान टाकून आम्ही कुइराऊ पार्कला गेलो. ही गावाची सार्वजनिक बाग, फुकट. पण बागेत कुंपण घातलेले उकळते खड्डे आहेत. एका खड्ड्यात करडा चिखल रटरटत होता. "पिठलं झालंय, गॅस बारीक करा," आई म्हणाली. बाजूला पाय बुडवून बसायला गरम पाण्याचे हौद बांधले आहेत. आई अर्धा तास पाय सोडून बसली. सकाळी उठून बघते तर पायातली चांदीची जोडवी काळी ठिक्कर. गंधकाने चांदी काळवंडते हे बाबांना माहीत होतं, पण सांगायला ते विसरले. त्यावरून दोघांचं जे झालं ते इथे लिहीत नाही. टूथपेस्टने घासून बऱ्यापैकी उजळली.

शनिवारी फाकारेवारेवा या माओरी गावात गेलो. माओरी भाषेत इंग्रजी डब्ल्यू आणि एच एकत्र आले की उच्चार फ सारखा होतो, हे कळल्यापासून बाबा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. हे गाव म्हणजे देखावा नाही, इथे माणसं खरोखर राहतात. घरांच्या मागे वाफा, अंगणात वाफा. जमिनीतल्या वाफेवर लाकडी पेट्या बसवल्या आहेत, त्यात जेवण शिजतं. मक्याची कणसं जाळीत बांधून उकळत्या कुंडात सोडतात, थोड्या वेळात शिजून वर येतात. तसं एक कणीस आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. जमीन खणली की गरम पाणी लागतं, म्हणून इथली थडगीसुद्धा जमिनीवर बांधलेली असतात.

गावातलीच एक बाई आम्हाला फिरवत होती. तिने सांगितलेली गोष्ट ऐकून बाबांचा मघाचा उत्साह शांत झाला. इथल्या तुहोउरांगी लोकांचं मूळ गाव हे नव्हे. रोटोरुआच्या आग्नेयेला टारावेरा नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी गुलाबी आणि पांढऱ्या दगडी पायऱ्यांची नैसर्गिक कुंडं होती, युरोपातून लोक बोटीने महिनोन्महिने प्रवास करून ती बघायला यायचे. त्यांना फिरवणं हा या लोकांचा धंदा होता. १० जून १८८६ च्या रात्री टारावेरा फुटला. पायऱ्या नाहीशा झाल्या, ते वैरोआ हे गाव राखेखाली आणि चिखलाखाली गेलं, सुमारे १२० माणसं मेली. सोफिया हिनेरांगी नावाची वाटाडी होती, तिच्या उतरत्या छपराच्या घरात साठाहून जास्त लोक वाचले. उरलेल्यांना नातेवाइकांनी फाकारेवारेवाला आसरा दिला. सोफियाही इथेच आली आणि पुन्हा पाहुण्यांना फिरवू लागली.

बाबांनी मला हळूच विचारलं, "एका ज्वालामुखीने घर नेलं, तर हे पुन्हा उकळत्या जमिनीवरच राहायला आले?"

मला उत्तर सुचलं नाही. बाईंनी ते ऐकलं नव्हतं, पण थोड्या वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या की ही ऊब आम्हाला परकी नाही, हिच्यावर स्वयंपाक कसा करायचा ते आमच्या आज्यांना माहीत होतं.

गावाच्या कडेवरून पोहुतू दिसतो. हा न्यूझीलंडमधला सर्वांत प्रसिद्ध गीझर. "आपल्या बाथरूममधला?" मुलाने विचारलं. शब्द तोच, पण हा ३० मीटरपर्यंत उकळतं पाणी फेकतो. एक काळ असा आला होता की तो थकायला लागला. रोटोरुआत शेकडो घरांनी आणि हॉटेलांनी अंगणात विंधन विहिरी खणून गरम पाणी आणि वाफ उपसायला सुरुवात केली होती. घर तापवायला, आंघोळीला, पोहायच्या तलावांना. जमिनीखालचा दाब उतरला आणि गीझर मंदावले. १९८६ मध्ये सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी बंद करायचा निर्णय घेतला. ज्यांचं फुकटचं गरम पाणी गेलं त्यांनी बराच आरडाओरडा केला, पण दाब परत वाढला आणि पोहुतू पुन्हा जोमाने उडू लागला. आम्ही उभे होतो तेव्हा तो वीस मिनिटं उडत होता. बाबांनी व्हिडिओ काढला, त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठाच दिसतो.

दुपारी आईच्या स्नानाचा बेत होता. एका मोठ्या स्पामध्ये तळ्याकाठी गरम पाण्याचे तलाव आहेत, तिथे गेलो. काउंटरवरच्या मुलीने अदबीने सांगितलं की पाण्यात उतरायला पोहण्याचे कपडे लागतात, सुती पंजाबी ड्रेस चालणार नाही. खासगी कुंडं होती, पण ईस्टरमुळे सगळी आधीच भरलेली. पोहण्याचे कपडे विकत घेता येतील, तीही म्हणाली आणि बायकोही म्हणाली. "आई, लांब बाह्यांचे आणि पायघोळसुद्धा मिळतात, मी बघते."

आईने चारही बाजूंना पाहिलं. काचेपलीकडे सगळ्या वयांची माणसं तोकड्या कपड्यांत फिरत होती. "असू दे गं," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. मी इथे बसून बॅगा सांभाळते."

तिचं हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलोय. द्वारकेच्या समुद्रावर, वॉटर पार्कमध्ये, माझ्या कॉलेजच्या पदवीदान समारंभात गर्दी झाली तेव्हासुद्धा. आई बॅगा सांभाळते. आम्ही आत गेलो, पंधरा मिनिटांत बाहेर आलो. पाणी चांगलं होतं. संध्याकाळी मोटेलवर तिने खिचडी केली आणि कोणी त्याविषयी काही बोललं नाही. मला मात्र राहून राहून वाटत होतं, मी जी सहल सोडली ती ज्याच्यासाठी सोडली, तेच झालं नाही.

रविवारी सकाळी मुलाची पाळी. केबल कारने टेकडीवर जायचं आणि चाकांच्या घसरगाडीवरून वळणावळणाने खाली यायचं, याला इथे लूज म्हणतात. त्याने मला चार वेळा खाली आणलं. मग बाबांची पाळी. त्यांना वाइराकेईचं वीज केंद्र बघायचं होतं, ते टाउपोच्या अलीकडे आहे. तासाभराने पोहोचलो. १९५८ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर चालतं. इतकं मोठं दुसरं केंद्र त्याआधी फक्त इटलीत लार्देरेल्लोला होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅगिंग केलेले पाइप धावतात, मध्येच रस्त्यावरून कमान करून पलीकडे जातात. बाबांनी गाडी थांबवायला लावली. "एक्स्पान्शन लूप. पाइप तापला की लांबतो, त्याला जागा नको का?" नातवाला त्यांनी तिथेच रस्त्याकडेला पंधरा मिनिटांचा पाठ दिला. मी मात्र त्यांना दुसरी बाजू सांगितली. इथेही एक गीझरांचं खोरं होतं, केंद्र सुरू झाल्यावर काही वर्षांतच त्यातले गीझर आटले. जवळच्या क्रेटर्स ऑफ द मून भागात मात्र वाफा वाढल्या. म्हणजे जमिनीखाली धग तीच, पण एका गावाने ती वीज करून घेतली आणि दुसऱ्याने विहिरी बुजवून गीझर राखला. बाबा म्हणाले, "दोन्ही लागतं रे. पण किती उपसायचं हे आधी मोजायला हवं." बॉयलरवाल्या माणसाचं उत्तर.

पुढे हुका धबधबा. वाइकाटो ही देशातली सर्वांत लांब नदी टाउपो तळ्यातून निघते. इथे तिचं शंभर मीटरचं पात्र पंधरा मीटरच्या खडकी चिरेत घुसतं आणि निळं-पांढरं पाणी उसळत खाली पडतं. धबधबा उंच नाही, ११ मीटरच, पण पुलावर उभं राहिलं की पायाखाली थरथर जाणवते.

तिथून स्पा थर्मल पार्कला गेलो ते केवळ मुलाला मोकळं पळू द्यायला. माझ्या शीटमध्ये त्याचं नाव "गरम पाणी, फुकट" या रकान्यात होतं, गुण कमी होते, कारण फुकट म्हणजे गैरसोयीचं असं मी धरून चाललो होतो. गाडीतळापासून दहा मिनिटं उतारावरून चाललं की ओतुमुहेके नावाचा ओढा लागतो. ओढ्याचं पाणी गरम. तो दगडांवरून छोटी छोटी कुंडं करत खाली येतो आणि थंडगार वाइकाटोला मिळतो. वर जाल तसं जास्त गरम, खाली याल तसं कोमट. तिकीट नाही, काउंटर नाही.

गर्दी भरपूर होती. पण एका कुंडात आईच्या वयाच्या दोन बायका बसल्या होत्या, बहुतेक पॅसिफिक बेटांवरच्या. अंगात ढगळ टी-शर्ट, कमरेला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं, अगदी आपण घरात असतो तशा. मांडीवर नातवंड. त्यातल्या एकीने आईकडे पाहिलं आणि शेजारच्या दगडावर हात थापटला.

आईने बॅग माझ्या हातात दिली. जोडवी काढून बायकोकडे दिली, ते आता शिकली होती. मग पंजाबी ड्रेससकट, बायकोचा हात धरून, एकेक पाय चाचपत ती पाण्यात उतरली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग त्या बाईशेजारी दगडाला टेकून बसली. त्यांची भाषा एकमेकींना कळत नव्हती. त्या बाईने आईच्या गुडघ्याकडे आणि मग स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि दोघी हसल्या.

मी काठावर पाच बॅगा घेऊन बसलो होतो. मुलगा ओरडला, "आजी, कसं आहे पाणी?"

आई तिथूनच म्हणाली, "हुं नाही!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

परतताना तळ्याकाठी थांबलो. टाउपो तळं ६१६ चौरस किलोमीटरचं आहे, समुद्रासारखंच वाटतं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, आपल्याकडे सातवाहनांचा काळ संपत आला होता त्या सुमारास, त्याच्या पोटात जो शेवटचा मोठा स्फोट झाला तो गेल्या पाच हजार वर्षांतल्या सर्वांत भीषण स्फोटांपैकी एक मानला जातो. त्या संध्याकाळी मात्र पाणी ताटात ओतल्यासारखं स्थिर होतं. पलीकडे टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू ही तीन शिखरं ओळीने दिसत होती. १८८७ मध्ये माओरी सरदार होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो यांनी ही शिखरं सरकारच्या हवाली केली, ती तुकड्या पाडून विकली जाऊ नयेत म्हणून. त्यातून देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. बाबांनी विचारलं, "तू यावर चढणार होतास?" मी हो म्हटलं. "मग पुढच्या खेपेला जा. एकटा जा, आम्हाला काठावर नको बसवू."

सोमवारी रोटोरुआतल्या रेडवूडच्या जंगलात फिरलो. १९०१ मध्ये लावलेली ही कॅलिफोर्नियाची झाडं, खाली मऊ सपाट वाट. आई तासभर न थांबता चालली. गरम पाण्याचा गुण की नातवाच्या धाकाचा, कोणास ठाऊक.

फेब्रुवारीत ऑफिसातल्या दोघांबरोबर मी टोंगारिरो केलं. सर्वांत उंच जागा रेड क्रेटर, १८८६ मीटर. टारावेराचं सालही तेच, म्हणून आकडा लक्षात राहिला. वाऱ्याने कान फुटायची वेळ आली, खाली पाचूच्या रंगाची तळी दिसली तेव्हा सगळं विसरलो. शिखरं आणि ती तळी माओरींसाठी पवित्र आहेत, म्हणून शिखरांवर चढू नका, पाण्याला हात लावू नका, अशी विनंती तिथे केलेली असते. आम्ही पाळली. एप्रिलमध्ये आई-बाबांना खाली बसवून हे केलं असतं तर अर्धं लक्ष फोनकडे राहिलं असतं.

हल्ली आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुलं इकडे आहेत आणि आई-वडील येत असतात, म्हणून थोडं कामाचं. घरात लहान मूल आणि वडीलधारी असतील तर मुक्काम रोटोरुआला करा आणि एक दिवस टाउपोला ठेवा. सगळे तरुण असाल, डोंगर चढायचा असेल किंवा विमानातून उडी मारायची असेल तर मुक्काम टाउपोला करा. स्पाची खासगी कुंडं लागणार असतील तर आठवडाभर आधी नोंदवा, आणि पोहण्याचे अंगभर कपडे निघायच्या आधीच घ्या. चांदी घरी ठेवा. गरम पाण्यात डोकं बुडवू नका, नाकातून पाणी गेलं तर क्वचित जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होतो, तशा पाट्याही लावलेल्या असतात. रक्तदाबाचा त्रास असेल तर पंधरा मिनिटांत बाहेर या. ओढ्यावर जाताना गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नका, त्यासाठी कोणीतरी काठावर बसावं लागतं. ते काम आळीपाळीने करा.

आणि परदेशीच जायला हवं असंही नाही. आपला पावागड ज्वालामुखीच्या दगडाचाच आहे, दख्खनचं पठार घडलं त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. गोध्र्याजवळ टुवा आहे, वांसद्याकडे उनाई आहे. तिथलं पाणी जिवंत ज्वालामुखीने तापत नाही, भेगांतून खोल जातं, तिथल्या धगीने तापतं आणि परत वर येतं. दिवाळीत आम्ही बडोद्याला येतोय. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, उनाईला जायचं. बॅगा मी सांभाळणार आहे.